जनरल ग्रँट यांचे अखेरचे वर्ष

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष बहुधा त्यांच्या विजयांकडे वेधले जाते. परंतु मनुष्याची खरी पारख पुष्कळदा अशा काळी होते, की ज्या वेळी विजयाची आशाच उरलेली नसते. अमेरिकेचे विख्यात सेनापती व अठरावे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या आयुष्यातील अखेरचे वर्ष हा असाच एक काळ होय. घशाचा कर्करोग, डोक्यावर कर्ज आणि पाठीमागे निराधार होऊ पाहणारे कुटुंब, अशा तिहेरी संकटात या गृहस्थाने जे वर्तन केले, ते त्यांच्या रणांगणावरील पराक्रमाइतकेच स्मरणीय आहे. आपल्या ज्ञातिबांधवांपैकीही अनेक कुटुंबांना या व्याधीचा अनुभव आलेला आहे. तेव्हा हे चरित्र त्यांना परके वाटणार नाही.

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो प्रांतात झाला. त्यांचे वडील जेसी ग्रँट हे कातडी कमावण्याचा धंदा करीत. या धंद्याची मुलाला मुळीच गोडी नव्हती. त्याचा जीव घोड्यांत रमे. वडिलांनी त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात धाडले व १८४३ साली तो तेथून अधिकारी होऊन बाहेर पडला. मेक्सिकोच्या युद्धात त्याने नाव मिळविले. परंतु १८५४ मध्ये लष्कराची नोकरी सोडल्यावर त्याच्या वाट्याला केवळ अपयश आले. शेती फसली, सेंट लुई शहरात जळाऊ लाकडे विकण्याची पाळी आली, आणि अखेर १८६० मध्ये गलीना गावातील वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम पत्करावे लागले. ज्या धंद्याकडे लहानपणी पाठ फिरविली, त्यानेच पडत्या काळात घरातील चूल पेटती ठेवली.

पुढील वर्षी यादवी युद्ध पेटले आणि या दुकानदाराचे भाग्य पालटले. १८६२ च्या फेब्रुवारीत डोनेल्सनचा किल्ला सर केल्याबरोबर त्यांचे नाव देशभर दुमदुमले. युद्धाच्या धामधुमीत त्यांच्या हातात चिरूट असे, असे वर्तमानपत्रांनी छापले. ते वाचून लोकांनी प्रेमापोटी हजारो चिरुटांची भेट त्यांच्याकडे धाडली. तोवर बेताने असलेले व्यसन तेव्हापासून हाताबाहेर गेले. चाहत्यांच्या या प्रेमातच पुढील अनर्थाचे बीज असावे, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे. ९ एप्रिल १८६५ रोजी शत्रुपक्षाचे सेनापती रॉबर्ट ली यांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेविली. १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे ग्रँट राष्ट्राध्यक्षपदी होते. त्यानंतर ते सपत्नीक पृथ्वीपर्यटनास निघाले, आणि त्या प्रवासात १८७९ च्या फेब्रुवारी महिन्यात आपल्या मुंबई शहरीही उतरले. येथून आग्रा, दिल्ली, काशी करीत ते कलकत्त्यास गेले. त्या वेळी त्यांची प्रकृती उत्तम होती व कीर्ती शिखरास पोहोचली होती.

परतल्यावर त्यांनी न्यूयॉर्क येथे बिऱ्हाड केले. त्यांचा एक मुलगा फर्डिनंड वॉर्ड नावाच्या इसमाबरोबर पेढी चालवीत होता. पुत्राच्या भरवशावर ग्रँट यांनीही आपले सर्वस्व तीत गुंतविले. वॉर्ड हा अट्टल लबाड निघाला. नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांना नफा वाटणे, हाच त्याचा व्यापार होता. मे १८८४ मध्ये, पेढी बुडण्याच्या अवघे दोन दिवस आधी, ग्रँट यांनी त्याच्या शब्दावरून विल्यम व्हँडरबिल्ट या धनिकाकडून दीड लाख डॉलर उसने आणून दिले, तेही बुडाले. माजी राष्ट्राध्यक्षाच्या खिशात शंभर डॉलरही उरले नाहीत. व्हँडरबिल्ट यांनी कर्ज सोडून देण्याची तयारी दाखविली. पण ग्रँट यांनी ती मानली नाही. घरेदारे, युद्धातील तलवारी, देशोदेशींच्या राजांनी दिलेल्या भेटवस्तू, सारे त्यांनी सावकाराच्या स्वाधीन केले.

या आघातातून सावरण्यापूर्वीच दुसरा आघात आला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात समुद्रकाठच्या घरी एक पीच फळ खाताना त्यांच्या घशात असह्य कळ उठली. किडा डसला असावा असे त्यांना प्रथम वाटले. शेजारी आलेले फिलाडेल्फियाचे प्रख्यात वैद्य द कॉस्टा यांनी घसा पाहिला, तात्पुरते औषध दिले आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांस विनाविलंब दाखवा, असे बजावले. परंतु ते डॉक्टर, फोर्डाइस बार्कर, त्या वेळी युरोपात होते. दुसऱ्या कोणाकडे जाण्याऐवजी ग्रँट यांनी त्यांची वाट पाहिली. उन्हाळा गेला, पानगळ आली. जून ते ऑक्टोबर, असे चार महिने घसा दुखत राहिला आणि व्रण वाढत राहिला. पैशाची विवंचना डोक्यावर असली म्हणजे माणूस शरीराच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करतो. हे केवळ अमेरिकेतच घडते असे नव्हे.

बार्कर यांनी पाहताच त्यांस घशाच्या रोगांचे तज्ज्ञ डॉ. जॉन हॅन्कॉक डग्लस यांच्याकडे पाठविले. २२ ऑक्टोबर १८८४ रोजी डग्लस यांनी जिभेच्या मुळाशी उजव्या अंगास झालेला विकार पाहिला आणि मनोमन ओळखले. हा कर्करोग आहे काय, असा सरळ प्रश्न ग्रँट यांनी केला. डग्लस यांनी रोगाचे गांभीर्य लपविले नाही, त्याचबरोबर आशेचा धागाही तोडला नाही; क्वचित असे रुग्ण बरे होतात, एवढेच त्यांनी सांगितले. रुग्णाने आपण होऊन सत्य विचारावे आणि वैद्याने ते मायेने सांगावे, असा योग विरळाच. अशा प्रसंगी आपल्या घरांतून बहुधा उलटच घडते. सर्वांना ठाऊक असते, फक्त ज्याचे दुखणे त्यालाच कोणी सांगत नाही.

त्या काळी उपाय तरी कोणते होते? क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला व रेडियमचा १८९८ साली. म्हणजे किरणोपचाराचा त्या काळी जन्मही झालेला नव्हता. एक शस्त्रक्रिया काय ती उरली. फेब्रुवारी १८८५ मध्ये व्रणाचा अल्पसा तुकडा काढून डॉ. जॉर्ज इलियट यांनी तो सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासला, तेव्हा संशयास जागा उरली नाही. नामांकित वैद्यांची बैठक भरली. रोग समूळ काढावयाचा तर जीभ, टाळू व जबड्याचा मोठा भाग कापावा लागणार, आणि इतके करूनही तो पुन्हा उद्भवण्याची भीती होतीच. रुग्ण त्या यातनांतून वाचेल याचीही शाश्वती नव्हती. तेव्हा शस्त्रक्रिया करू नये असे ठरले. हा निर्णय हातपाय गाळण्याचा नव्हता. उरलेल्या दिवसांतील वेदना कमी करणे, अन्न पोटात जाईल असे पाहणे व रुग्णाचे मन शांत राखणे, हेच आता उपचाराचे ध्येय झाले.

त्याच सुमारास व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनी कोकेनचा अंग बधिर करण्याचा गुण प्रकाशात आणला होता. डग्लस यांनी कोकेनचे द्रावण घशास लावण्यास आरंभ केला, आणि त्यामुळे ग्रँट यांस घास गिळणे व झोप घेणे शक्य झाले. भाड्याचे पैसे वाचावेत म्हणून हा विश्वविख्यात सेनापती डॉक्टरांकडे ट्रामने जात असे. चिरूट त्यांनी सोडला. पण त्या वेळी फार उशीर झाला होता.

१ मार्च १८८५ रोजी ही वार्ता वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाली आणि घरासमोर माणसांची रीघ लागली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून पत्रे येऊ लागली. कोणी काढा सुचवी, कोणी लेप सुचवी, कोणी हमखास गुणाचे औषध पुढे करी. हेतू बहुतेकांचा निर्मळ होता. परंतु जो रोग डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होता त्यावर न पाहता औषध सांगणाऱ्यांची ही गर्दी पाहून कुटुंबाच्या मनाची काय ओढाताण झाली असेल, याची कल्पना ज्यांच्या घरी असे दुखणे आले आहे त्यांस सहज येईल. मार्चअखेर प्रकृती इतकी ढासळली की, अखेरचा क्षण आला असे सर्वांस वाटले. पण एप्रिलमध्ये घशातून रक्तस्राव होऊन सडलेला भाग सुटून पडला व त्यांना एकाएकी उतार वाटला. त्याबरोबर काही वृत्तपत्रांनी हा कर्करोग नव्हताच, डॉक्टरांनी चुकीचे निदान केले, असा गिल्ला केला. वस्तुतः सूक्ष्मदर्शकाने दाखविलेले सत्य बदललेले नव्हते. दुर्धर रोगात मधूनच येणारा असा उतार नातलगांना पुष्कळदा फसवितो. डग्लस व त्यांचे सहकारी श्रेडी यांनी टीका सोसली आणि आपले काम चालू ठेवले.

या साऱ्या काळात ग्रँट एक फार मोठे कार्य करीत होते. पेढी बुडाल्यावर त्यांनी एका मासिकासाठी युद्धावर लेख लिहिले होते. त्यावरून आत्मचरित्राची कल्पना निघाली. मासिकाच्या चालकांनी विक्रीचा दहावा हिस्सा देऊ केला होता. ते कळताच सुप्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन धावून आले आणि आपल्या प्रकाशनसंस्थेतर्फे निव्वळ नफ्यातील शेकडा ७० भाग देण्याचा करार त्यांनी केला. आपल्यामागे पत्नी ज्यूलिया हिने कोणापुढे हात पसरू नये, हा एकच ध्यास ग्रँट यांनी घेतला. प्रथम ते लेखनिकास सांगत. पुढे आवाज बसला, तेव्हा स्वहस्ते लिहू लागले. थोरला मुलगा फ्रेड कागदपत्रे व तारखा ताडून पाही. पाण्याचा घोटही जाळीत जाई अशा अवस्थेत ते रोज कित्येक पाने पुरी करीत, आणि त्या पानांत स्वतःच्या दुःखाचा सूर नसे. रचना साधी, स्वच्छ, हुकुमाप्रमाणे नेमकी.

१६ जून रोजी थंड हवेसाठी त्यांस माउंट मॅकग्रेगर या डोंगरावरील एका घरी नेण्यात आले. आडवे झाले की श्वास कोंडे. म्हणून समोरासमोर ठेवलेल्या दोन आरामखुर्च्यांवर बसूनच ते रात्र काढीत. बोलणे खुंटले होते. डॉक्टरांशी, घरच्यांशी सारा व्यवहार कागदाच्या चिठ्ठ्यांवर चाले. त्या चिठ्ठ्यांतून ते स्वतःच्या रोगाचे वर्णन एखाद्या त्रयस्थाप्रमाणे करीत. कोकेनची सवय जडत आहे हे त्यांच्याच ध्यानात आले व त्यांनी ते बेताने घेण्याचा यत्न केला. मॉर्फिनने डोके जड होऊ नये, लिहिण्यापुरती बुद्धी शाबूत राहावी, याची ते काळजी घेत. डोनेल्सनच्या किल्ल्यावर ज्याने त्यांच्यापुढे हार मानली होती, तो जुना मित्र सायमन बकनर जुलैमध्ये भेटीस आला. एक बोले आणि दुसरा लिहून उत्तर देई. यादवीने दुभंगलेल्या राष्ट्राची मने या रुग्णशय्येपाशी पुन्हा जुळत होती.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ग्रंथाचे काम संपले. २३ जुलै १८८५ रोजी सकाळी, वयाच्या ६३ व्या वर्षी, कुटुंबीयांच्या सान्निध्यात ग्रँट यांनी देह ठेविला. ग्रंथाचे दोन खंड निघाले, त्यांच्या तीन लाखांवर जोड्या खपल्या, आणि ज्यूलियाबाईंस चार लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. मरणाऱ्या पतीने पत्नीस दिलेला शब्द असा पाळला गेला.

या चरित्राचा बोध काय? ग्रँट यांनी मृत्यूवर मात केली असे म्हणणे खोटे ठरेल. रोगाने त्यांस नेलेच. परंतु रोग बरा न होणे म्हणजे उपचार संपणे नव्हे, हे त्यांच्या वैद्यांनी दाखविले. आणि उपचार थकले तरी कर्तव्य थकत नाही, हे त्यांनी स्वतः दाखविले. वेदना आटोक्यात ठेवणारे औषध, खरे बोलणारा डॉक्टर आणि हाती धरलेले एक काम, या तीन गोष्टींनी त्यांचे ते वर्ष सार्थकी लागले.

गमावलेले चार महिने ही मात्र या कथेची दुसरी बाजू. त्या काळच्या शस्त्रक्रियेची मर्यादा पाहता लवकर जाऊनही त्यांचे प्राण वाचलेच असते, असे नाही. आज मात्र तो फरक जीवनमरणाचा आहे. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हापासून आपल्याकडे या रोगाच्या उपचारांचे स्वरूपच पालटले. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांच्या साहाय्याने तोंडाचा कर्करोग आरंभीच सापडला तर पुष्कळदा बरा होतो. तरीही आपल्या देशातील पुरुषांत हा रोग अतिशय आढळतो, आणि त्याच्या मुळाशी बहुधा तंबाखू असतो, मग तो ओढण्याचा असो वा खाण्याचा. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, लाल वा पांढरा चट्टा उठला, घास गिळताना दुखू लागले, तर हंगाम संपू दे, लग्नकार्य उरकू दे, पैसे जमू देत, असे म्हणत बसू नये. आणि ज्यांच्या घरी हे दुखणे येऊन ठेपलेच असेल, त्यांनी गुणाची खात्री देणाऱ्या अनोळखी औषधांमागे न धावता, तज्ज्ञांकडून निदान पक्के करून, रुग्णाला विश्वासात घेऊन पुढची वाट ठरवावी. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका परदेशी सेनापतीने डोंगरावरील त्या खुर्चीत बसून जे धैर्य दाखविले, ते जात, देश, काळ यांच्या पलीकडचे आहे. तसे धैर्य व तशी सोबत आपल्या प्रत्येक रुग्ण बंधुभगिनीस लाभो, हीच प्रार्थना.