वसईचा रक्तसाक्षी गोन्सालो गार्सिया

इ. स. १५९५ च्या अखेरीस मोगल फौजेने अहमदनगरच्या किल्ल्यास वेढा घातला व चांदबिबीने तो मोठ्या धैर्याने लढविला, ही हकीकत आपल्या जिल्ह्यातील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. त्याच सुमारास कोकणपट्टीत जन्मलेला एक मनुष्य समुद्रापलीकडे जपान देशी महारोग्यांची सेवा करीत होता, आणि एक वर्षानंतर तो तेथेच वधस्तंभावर मरावयाचा होता. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. तो रोमन कॅथलिक मंडळीचा होता व तीच मंडळी त्यास संत म्हणून मान देते. तथापि वाचकहो, प्रभूच्या नावासाठी मरण पत्करलेल्या मनुष्याचे चरित्र कोणत्याही मंडळीस परके नाही.

गोन्सालोचा जन्म वसई येथे सुमारे १५५६ साली झाला. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांस दिली होती. बाप पोर्तुगीज, आई ह्याच देशची. अशा मुलास त्या काळी राज्यकर्त्यांत पुरते स्थान नसे. जेझुइट लोकांच्या शाळेत तो शिकला. सेबास्तियान गोन्साल्विस नावाच्या पाद्र्याने त्याच्यावर पुत्रवत प्रेम केले व तो पंधरा-सोळा वर्षांचा असता त्यास आपणाबरोबर जपानास नेले. तेथे आठ वर्षे त्याने उपदेशकाचे काम केले. जपानी भाषा त्यास इतकी उत्तम अवगत झाली की, त्या देशचे लोक त्याचे बोलणे आवडीने ऐकत.

जेझुइट संघात आपणास घ्यावे, अशी त्याची फार इच्छा होती. ती मान्य झाली नाही. आठ वर्षे ज्यांच्या शेतात राबला, त्यांनी दार लावून घेतले, हे दुःख लहान नव्हे. आमच्या खेड्यांतील कित्येक जुन्या शिक्षकांस व उपदेशकांस ते समजेल. गोन्सालो निमूटपणे बाजूस झाला आणि त्याने व्यापार आरंभिला. व्यापारात त्यास चांगली बरकत आली. पण मन तेथे रमेना. शेवटी फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरी त्याने सर्व धन सोडले आणि १५८८ च्या सुमारास फ्रान्सिस्कन पंथात साध्या बंधूची दीक्षा घेतली. असा बंधू पाद्री नसे. स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची शुश्रूषा ही त्याची कामे.

त्या वेळी जपानवर तोयोतोमी हिदेयोशी सत्ता गाजवीत होता. हा गरिबीतून वर चढलेला पुरुष मोठा चतुर खरा, परंतु सर्व देश एकाच्या मुठीत असावा, ह्या हव्यासाने तो भरलेला होता. १५८७ साली त्याने परदेशी पाद्र्यांस देश सोडण्याचा हुकूम काढला. १५८८ मध्ये शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या. पुढे शेतकऱ्याने शेती सोडून दुसरा धंदा धरू नये, असेही फर्मान निघाले. मनुष्याने काय करावे, कोठे राहावे आणि कोणास भजावे, हे सर्व एकाच्या मर्जीवर. अशा राज्यात ज्याचा प्रभू दुसरा आहे, त्याचे कधी ना कधी सरकाराशी वाकडे येणारच.

१५९३ साली मनिलाच्या गव्हर्नराने पेद्रो बाप्तिस्ता नामक फ्रान्सिस्कन पाद्र्यास आपला वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठविले. दुभाष्या कोण? गोन्सालो. मनिलाने आपले मांडलिक व्हावे, अशी त्या सत्ताधीशाची मागणी होती. त्याच्या समोर उभे राहून दोन्ही बाजूंचे बोलणे पोहोचविणे हे काम जोखमीचे होते. एक शब्द चुकता तर अनर्थ होता. हिदेयोशी मात्र प्रसन्न झाला. पाद्र्यांस मियाको, म्हणजे हल्लीचे क्योतो, येथे जागा मिळाली व तेथे मंदिर उभे राहिले. जवळच रुग्णालये निघाली. कोणी शिवू नये अशा महारोग्यांस तेथे आसरा मिळाला.

येथे एक खेदाची गोष्ट सांगितली पाहिजे. १५८७ च्या हुकुमानंतर जेझुइट लोक सांभाळून, गुपचूप काम करीत. फ्रान्सिस्कन उघड उपदेश करीत. दोहोंत तंटे माजले. एकाच तालुक्यात दोन-तीन मिशनांची कामे शेजारीशेजारी चाललेली आपल्या जिल्ह्याने पाहिली आहेत, तेव्हा हे आपणास नवल नाही. गोन्सालोला एकांनी वाढविले होते व दुसऱ्यांनी जवळ केले होते. त्यास ह्या भांडणाने काय वाटले असेल?

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. हिदेयोशीने माल जप्त केला. आधी पाद्री येतात आणि मागून राजाच्या फौजा येऊन देश घेतात, असे त्या गलबताच्या सुकाणूदाराने बढाईने सांगितल्याची कथा आहे. खरे काय ह्याचा वाद विद्वान अजून करितात. हिदेयोशीचा संशय मात्र भडकला. डिसेंबरात पाद्र्यांच्या घरांभोवती पहारे बसले. ३ जानेवारी १५९७ रोजी मियाकोच्या रस्त्यात चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली, व गाड्यांवर बसवून त्यांची धिंड काढली. मग भर थंडीत सुमारे महिनाभर नागासाकीपर्यंत प्रवास. वाटेत दोन जपानी ख्रिस्ती त्यांची सेवा करीत येत होते, त्यांसही धरले. असे सव्वीस झाले.

त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट व सतरा जपानी ख्रिस्ती गृहस्थ होते. सुतार होते, स्वयंपाकी होता, बाप-लेक होते. धाकटा लुई अवघा बारा वर्षांचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस वधस्तंभ मांडले होते. तेथील रीत खिळे ठोकण्याची नव्हती; लोखंडी कड्यांनी व दोरांनी बांधीत आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपशीत. गोन्सालो आपला स्तंभ कोणता हे विचारून त्याकडे चालत गेला, असे सांगतात. ज्या संघाने त्यास नाकारले होते, त्याचे तिघे त्याच रांगेत होते. त्याचे वय सुमारे चाळीस वर्षांचे होते.

हिदेयोशी पुढच्याच वर्षी, १५९८ च्या सप्टेंबरात, मेला. छळ संपला नाही. १६१४ पासून सर्व जपानात ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. परंतु १८६५ साली नागासाकी येथे ह्याच सव्विसांच्या स्मरणार्थ बांधलेल्या नव्या मंदिरात काही खेडवळ लोक हळूच आले व आपण तोच विश्वास धरून आहो, असे त्यांनी पाद्र्यास कळविले. पाद्रीवाचून, मंदिरावाचून त्यांनी अडीचशे वर्षे घरातल्या घरात तो जपला होता.

गोन्सालोस रोमच्या मंडळीने १६२७ साली धन्य व ८ जून १८६२ रोजी संत म्हणून जाहीर केले. भारतात जन्मलेल्यांत हा मान प्रथम त्यास मिळाला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातील मंदिरे ओस पडली. तरी वसईकर ख्रिस्ती लोक आपल्या गोन्सालोस विसरले नाहीत. फेब्रुवारी महिन्यात ते त्याच्या स्मरणार्थ एकत्र जमतात व मराठीत प्रार्थना करितात.