द्राक्षमळ्यातील विद्यार्थी : जयप्रकाश नारायण

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांची भाषणे, त्यांचा तुरुंगवास आणि त्यांचा जयजयकार आपल्या लक्षात राहतो. त्यांच्या हातांना तरुणपणी कोणते घट्टे पडले होते, हे मात्र आपण विसरतो. लोकनायक जयप्रकाश नारायण यांची १९२२ ते १९२९ ही अमेरिकेतील सात वर्षे अशीच मागे पडली आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याने ती समजून घ्यावीत असे मला वाटते.

जयप्रकाशजींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी गंगा व शरयू यांच्या संगमाजवळील सिताबदियारा या गावी झाला. वडील हरसू दयाल कालवा खात्यात नोकरीस होते. हुशार मुलगा शिष्यवृत्ती मिळवून पाटण्याच्या कॉलेजात विज्ञान शिकू लागला. १९२१ साली असहकाराच्या चळवळीत मौलाना आझादांचे भाषण ऐकून, परीक्षा तोंडावर आली असताना, त्याने कॉलेज सोडले. पुढे राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या बिहार विद्यापीठातून तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. त्यापुढचे शिक्षण कोठे घ्यायचे? सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजात परत पाऊल ठेवायचे नाही, हा त्याचा निश्चय होता. अमेरिकेत मजुरी करून शिकता येते, हे त्याला ठाऊक होते. पत्नी प्रभावतीदेवी साबरमती आश्रमात राहिल्या आणि जयप्रकाश कलकत्त्याहून बोटीने निघाले. जपानमार्गे ते कॅलिफोर्नियाला पोचले तो दिवस होता ८ ऑक्टोबर १९२२. वयाला वीस वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते!

बर्कले येथील विद्यापीठाचे सत्र आधीच सुरू झाले होते. प्रवेश जानेवारीत मिळणार होता. तोपर्यंत पोट भरायचे आणि फीही जमवायची होती. मग हा विद्यार्थी मेरीसव्हिल भागातील द्राक्षमळ्यांत कामाला लागला. मुकादम पठाण होता. आशियातील मजुरांना अमेरिकेचे दार १९१७ च्या कायद्याने बंद झाले होते, त्यामुळे पूर्वी आलेले हिंदी मजूरच त्या भागात राबत होते. विद्यार्थ्यांना मात्र प्रवेश होता. म्हणून कागदोपत्री विद्यार्थी आणि शिवारात मजूर, अशी जयप्रकाशांची अवस्था होती. द्राक्षे तोडायची, उन्हात वाळत घालायची, बेदाणा तयार करायचा, हे काम दिवसभर चाले.

मी तासगाव भागातला. आमच्याकडे बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर वाळतो, तिकडे तो मळ्यातच उन्हात वाळवीत. आमच्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेले ‘थॉम्पसन’ हे द्राक्षाचे नाव त्याच मेरीसव्हिलच्या परिसरातील एका बागायतदारावरून पडले आहे. माझे आईवडील दुसऱ्यांच्या बागेत रोजाने जातात. सुट्टीत मीही जातो. दिवसभर मान वर करून घड तोडल्यावर रात्री पुस्तक उघडणे म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको.

हंगाम संपला की काम संपले. जयप्रकाशांनी पुढे फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम केले, हॉटेलात बशा धुतल्या, गॅरेजमध्ये व कत्तलखान्यात राबले, दारोदार लोशन विकले. बर्कलेची फी दुप्पट झाली तेव्हा त्यांना आयोवा विद्यापीठात जावे लागले. पुढे विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी विज्ञान सोडून समाजशास्त्र घेतले. तेथेच मार्क्सचे ग्रंथ त्यांच्या वाचनात आले. मजुराचा घाम कोणाच्या तिजोरीत जातो, हा त्या ग्रंथांतील प्रश्न त्यांना परका वाटला नसणार. तो त्यांनी आधी अंगावर झेलला होता. १९२९ साली ओहायो स्टेट विद्यापीठाची एम. ए. पदवी घेऊन ते परतले. आई आजारी होती, म्हणून पुढच्या पदवीचा विचार त्यांनी सोडून दिला.

मायदेशी आल्यावर त्यांनी काँग्रेसच्या मजूर विभागाचे काम हाती घेतले. १९३२ साली अटक होऊन ते आपल्या नाशिकच्या तुरुंगात आले. तेथे अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे, अशोक मेहता यांच्यासारख्या तरुणांशी झालेल्या चर्चांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. पुढे ते रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्ष झाले आणि १९५४ साली त्यांनी भूमिहीनांसाठी भूदान चळवळीला जीवनदान केले. सत्तेचे पद त्यांनी कधीच घेतले नाही. सत्तरी ओलांडल्यावर १९७४ मध्ये बिहारच्या विद्यार्थ्यांनी साद घातली, तेव्हा ते त्यांच्या पुढे उभे राहिले. १९७५ मध्ये आणीबाणीत त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला.

८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. सत्तावन्न वर्षांपूर्वी याच तारखेला ते परमुलखात काम शोधायला उतरले होते.

मित्रहो, आपल्यातील कितीतरी जण सुट्टीत रोजंदारी करतात आणि कॉलेजात ते कोणाला कळू देत नाहीत. लाज वाटावी असे त्यात काय आहे? काम चार दिवसांचे असले, तरी त्यातून मिळालेली समज जन्मभर पुरते, हे जयप्रकाशजींच्या चरित्राने दाखवून दिले आहे.