खेळाला उपचार मानणारे डॉक्टर

पाय चालेनासे झाले म्हणजे माणसाचे जीवनच संपले, असे मानले जाण्याचा एक काळ होता. पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झालेला रुग्ण फार दिवस जगत नाही, अशी डॉक्टरांचीही समजूत होती. ही समजूत आपल्या कार्याने खोटी ठरवणारे थोर डॉक्टर म्हणजे लुडविग गुटमन.

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये आहे. त्यांचे बालपण कोनिग्सहुटे या शहरात गेले. छत्तीसगडमधील भिलाई जसे पोलादाच्या कारखान्याभोवती वसले, तसेच कोनिग्सहुटे लोखंडाच्या भट्ट्या आणि कोळशाच्या खाणी यांच्याभोवती वाढले होते. जेथे खाणी आणि भट्ट्या असतात, तेथे अपघातही घडतात. १९१७ साली तरुण लुडविग तेथील अपघात-रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करू लागले. एके दिवशी कण्याचे हाड मोडलेला एक धडधाकट तरुण खाण-कामगार तेथे दाखल झाला. तो काही आठवड्यांचाच सोबती आहे, त्याच्यासाठी फार खटाटोप करू नये, असे लुडविग यांना सांगण्यात आले. पाच आठवड्यांत तो खरोखरच मरण पावला. मात्र त्याचा प्राण घेतला तो मोडलेल्या हाडाने नव्हे, तर शरीरात पसरलेल्या जंतुसंसर्गाने. हा मृत्यू गुटमन कधीही विसरले नाहीत.

पुढे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून ते ब्रेस्लाऊ शहरात मज्जासंस्थेच्या विकारांचे नामवंत तज्ज्ञ झाले. परंतु १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू डॉक्टरांना इतर रुग्णालयांची दारे बंद झाली. गुटमन तेथील ज्यू रुग्णालयात काम करू लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्री ज्यूंची घरे आणि प्रार्थनास्थळे यांच्यावर देशभर हल्ले झाले. त्या रात्री जो कोणी दारात येईल त्याला दाखल करून घ्यावे, असा आदेश गुटमन यांनी दिला. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकशीस आले, तेव्हा प्रत्येकाच्या आजाराचे कारण सांगून त्यांनी बहुतेकांना अटकेतून वाचवले. मार्च १९३९ मध्ये पत्नी आणि दोन मुलांसह त्यांना मायदेश सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात कण्याला जखमा झालेल्या सैनिकांची संख्या वाढू लागली. त्यांच्यासाठी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडविल येथील रुग्णालयात एक स्वतंत्र केंद्र सुरू झाले आणि त्याची जबाबदारी गुटमन यांच्यावर सोपवण्यात आली. रुग्ण एकाच कुशीवर पडून राहिले की अंगाला जखमा होतात आणि त्या चिघळतात. मूत्रमार्गातही संसर्ग होतो. यासाठी प्रत्येक रुग्णाला दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, असा नियम त्यांनी घालून दिला. तो पाळला जातो की नाही, हे पाहण्यास ते स्वतः रात्रीही हजर होत. या शिस्तीने रुग्ण जगू लागले.

पण नुसते जगणे पुरेसे नव्हते. तरुण सैनिक भिंतीकडे तोंड करून आयुष्यभर पडून राहिले, तर त्यांना वाचवून काय साधले? गुटमन यांनी त्यांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती यांसारखी कामे शिकवली आणि त्याचबरोबर खेळायला लावले. चाकाच्या खुर्चीत बसून प्रथम पोलो, मग बास्केटबॉल आणि धनुर्विद्या असे खेळ सुरू झाले. धनुष्य ओढल्याने हात, खांदे व पाठ बळकट होत आणि बसल्या बसल्या तोल सांभाळता येई. त्याहून मोठा लाभ मनाचा होता. जिंकण्याची ईर्षा जागी झाली, की रुग्ण स्वतःला रुग्ण समजेनासा होई.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडविलच्या हिरवळीवर १६ माजी सैनिक स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. १९५२ साली नेदरलँडचे खेळाडू आल्याने ती आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू एकत्र आले. तेच पहिले पॅरालिम्पिक मानले जाते. गुटमन यांना १९६६ साली 'सर' हा किताब मिळाला.

ज्या जर्मनीतून गुटमन यांना परागंदा व्हावे लागले, त्याच जर्मनीत, हायडेलबर्ग येथे, १९७२ साली या स्पर्धा भरल्या. तेथे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून या सैनिकाचे कमरेखालचे शरीर निकामी झाले होते. पॅरालिम्पिकमध्ये भारताला मिळालेले हे पहिले सुवर्णपदक होय.

१८ मार्च १९८० रोजी गुटमन यांचे निधन झाले. त्यांचे कार्य मुख्यतः कण्याच्या दुखापतींविषयी होते. परंतु त्यांनी रुजवलेला विचार इतर विकारांनाही लागू पडला. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची संरक्षक शक्तीच मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवरील आवरणाला इजा करते. त्यामुळे थकवा येतो, तोल जातो, हातापायांतील बळ कमी होते. अशा रुग्णांनी केवळ विश्रांती घ्यावी, असे पूर्वी सांगितले जाई. आज मात्र झेपेल असा नियमित व्यायाम त्यांना हितकर मानला जातो. उष्णतेने त्यांचा त्रास तात्पुरता वाढतो. म्हणून भिलाईसारख्या कडक उन्हाळ्याच्या गावी त्यांनी पहाटेची वेळ निवडावी, मध्ये मध्ये थांबावे, शक्य असल्यास गार पाण्यात पोहावे आणि हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे. या आजाराचे खेळाडूही आता पॅरालिम्पिकमध्ये उतरतात. भारतातील २०१६ च्या कायद्यानेही या आजाराची गणना दिव्यांगत्वात केली आहे.

शरीराने काय गमावले याचा हिशेब करीत बसण्यापेक्षा जे उरले आहे ते कामी लावावे, हा धडा गुटमन यांनी आपल्या रुग्णांना दिला. एका अनाम खाण-कामगाराचा मृत्यू त्यांनी मनात जपला. त्यातूनच पुढे असंख्य माणसांना जगण्याचे आणि खेळण्याचे बळ मिळाले.