स्वतःच्या मूत्राशयातला मुतखडा स्वतःच कानशीने घासून काढणारा लखनौचा जनरल

मुतखडा म्हटलं की आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुळथाचं पाणी घे, पानफुटीचं पान चाव, नारळपाणी पी. शेवटी माणूस मालाडमधल्याच एखाद्या युरॉलॉजिस्टकडे जातो. खडा मूत्राशयात असेल तर डॉक्टर भूल देतात, लघवीच्या वाटेने दुर्बीण आत घालतात, लेझरने खडा फोडतात आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत पेशंट घरी येतो.

आता जरा मागे जाऊ. साल 1782. त्या वर्षीच्या मे महिन्यात मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला आणि ज्या साष्टी बेटावर मालाड वसलंय ते इंग्रजांकडेच राहिलं. त्याच उन्हाळ्यात तिकडे लखनौमध्ये 47 वर्षांचा एक फ्रेंच माणूस रोज अनेकदा एक पोलादी सळई स्वतःच्या मूत्रमार्गातून आत सरकवत होता. भूल नाही, दुर्बीण नाही, डॉक्टरही नाही.

त्याचं नाव क्लॉड मार्टिन. लखनौ आणि कोलकात्याच्या ला मार्टिनिअर शाळा ज्याच्या पैशातून उभ्या राहिल्या, तोच हा मार्टिन.

त्याचा जन्म 1735 चा, फ्रान्समधल्या लिऑं शहरातला. विशीच्या आतच तो फ्रेंच कंपनीचा शिपाई म्हणून भारतात आला. 1761 मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी जिंकलं. फ्रेंचांचा डाव संपत आलाय हे ओळखून मार्टिन त्या धामधुमीत इंग्रजांच्या कंपनीत गेला. बंगालमध्ये त्याने जमीन मोजायचं, नकाशे काढायचं काम केलं. मग 1776 मध्ये अवधचा नवाब असफउद्दौला याच्या शस्त्रागाराची जबाबदारी त्याला मिळाली आणि तो लखनौचाच होऊन गेला.

तोफा ओतणं, घड्याळं, इमारती, नीळ, सावकारी, सगळ्यात त्याचा हात. 1785 मध्ये त्याने लखनौमध्ये गरम हवेचा फुगाही उडवून दाखवला. पुढे महादजी शिंद्यांसाठी कवायती पलटणी उभारणारा डी बॉयन हा त्याचा लखनौचा दोस्त, निळीच्या धंद्यातला सोबती. पण मार्टिनचा खरा जीव यंत्रांत. काही बिघडलं की ते उघडून आत काय आहे ते बघायचं, हा त्याचा स्वभाव.

आणि मग बिघडलं ते त्याचं स्वतःचं शरीर. मूत्राशयात खडा.

त्या काळी यावर उपाय एकच होता आणि तो ऐकूनच माणूस निम्मा मरायचा. रोग्याचे पाय वर करून घट्ट बांधायचे. मूत्रमार्गातून एक वाकडी, खोबण असलेली धातूची सळई मूत्राशयापर्यंत घालायची. मग मांड्यांच्या मधल्या भागात चिरा देऊन, त्या खोबणीच्या आधाराने सुरी आत नेऊन खडा ओढून काढायचा. ईथरची भूल जगाला माहीत झाली 1846 मध्ये, म्हणजे हे सगळं शुद्धीत. सुश्रुतसंहितेतही मुतखड्याचा चिरा हा शेवटचा उपाय आहे आणि त्याआधी राजाची परवानगी घ्यायला सांगितलंय. एवढा तो जोखमीचा.

मार्टिनने सुरीला नकार दिला. त्याने विणायच्या सुईसारखी एक पोलादी तार घेतली, तिच्या टोकाचा बाहेरचा बाक कानशीसारखा खरबरीत केला आणि ती एका पोकळ नळीतून मूत्राशयात घातली. आधी कोमट पाणी आत भरायचं, मग अंग हलवून खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आणायचा आणि तार मागेपुढे करून तो घासायचा. चुरा लघवीवाटे बाहेर. काही वेळा 24 तासांत 12 वेळा. एप्रिलमध्ये सुरू केलेलं हे काम ऑक्टोबरपर्यंत चाललं आणि तो त्या खड्यातून मोकळा झाला. नंतर ही हकीकत त्याने लंडनच्या सर्जन मंडळींना कळवली. खडा चिरा न देता आतल्या आत फोडायचं काम पॅरिसमध्ये जाँ सिव्हियाल या डॉक्टरने रुग्णावर करून दाखवलं ते 1824 मध्ये, म्हणजे तब्बल 42 वर्षांनी.

वाचताना अंगावर काटा येतो आणि सोबत थोडं कौतुकही वाटतं. कौतुक जरूर करा, पण विषय इथेच अडतो. मार्टिन वाचला याचं श्रेय हुशारीइतकंच नशिबालाही आहे. अशा खटाटोपात जे दगावले असतील त्यांच्या गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही.

मार्टिनच्या तारेची भावंडं आजही दवाखान्यात आहेत. इंग्रजीत त्यांना साउंड म्हणतात. याचा आवाजाशी संबंध नाही. खलाशी पाण्याची खोली मापतात त्या अर्थाचा हा शब्द. पूर्वी डॉक्टर अशी सळई आत घालून खडा आहे का ते चाचपायचे. सळई खड्यावर टेकली की टक्क असं लागायचं, तेवढा आवाज मात्र खरा.

आज त्यांचं मुख्य काम वेगळं आहे. जुना जंतुसंसर्ग, अपघात किंवा आधीची एखादी नळी यामुळे मूत्रमार्ग आतून आकसतो आणि लघवीची धार बारीक होते. तो मार्ग हळूहळू रुंद करायला ही साधनं लागतात. कल्पना जुनीच आहे. शिश्नाच्या टोकाची कातडी आवळली तर लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून घालावी आणि दर तिसऱ्या दिवशी आणखी जाड वापरावी, असं सुश्रुतसंहितेत आहे.

पुरुषांचा मूत्रमार्ग साधारण 18 ते 20 सेंटिमीटर लांब आणि वळणाचा, म्हणून त्यांच्यासाठीच्या धातूच्या सळईचं टोक वाकडं असतं. बायकांचा जेमतेम 4 सेंटिमीटर आणि जवळपास सरळ, म्हणून त्यांची सळई आखूड. धातूशिवाय लवचिक प्रकार आहेत, त्यांना बूजी म्हणतात. काही बूजी आतून पोकळ असतात, त्या आधी घातलेल्या बारीक तारेवरून सरकवता येतात, त्यामुळे वाट चुकण्याची भीती कमी. जाडी मोजायचं माप पॅरिसच्या शारिएर नावाच्या अवजारं बनवणाऱ्याचं. आकड्याला 3 ने भागलं की मिलिमीटर मिळतात. 18 नंबर म्हणजे 6 मिलिमीटर.

बारीक सळई म्हणजे सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. धातूच्या बाबतीत उलटं आहे. बारीक, कडक टोक मूत्रमार्गाच्या नाजूक भिंतीत घुसतं आणि भलतीच वाट तयार होते. म्हणून डॉक्टर आधी धारेची तपासणी, एक्स-रे किंवा दुर्बीण करून अडथळा कुठे आहे ते बघतात, लघवीत जंतू असतील तर आधी त्यावर औषध देतात. साधनं निर्जंतुक केलेली, जेल भूल देणारी, आणि जोर अजिबात नाही. अडलं की थांबायचं.

हे सगळं घरी होत नाही. तरीही लोक करतात. कुणी लाजेपोटी स्वतःच उपचार म्हणून, कुणी उत्सुकतेने, कुणी लैंगिक सुखासाठी. पेन, वायर, तारा मूत्राशयात गेलेले पेशंट जगभरच्या डॉक्टरांनी पाहिलेत. वस्तू एकदा आत निसटली की ती ओढून काढायच्या नादात जखम वाढते. रक्त आलं, थंडी वाजून ताप भरला किंवा लघवीच अडली, तर सकाळची वाट बघू नये, थेट इमर्जन्सीत जावं आणि काय केलं ते खरं सांगावं. डॉक्टरांना त्यात नवल नसतं. लपवलेल्या माहितीमुळे उशीर होतो आणि जखमेचा व्रण मूत्रमार्ग कायमचा आकसवून टाकतो.

स्वतःच्या हाताने नळी घालायची एक रीत मात्र डॉक्टरांनीच मान्य केलीय. लघवी पूर्ण होत नाही अशा पेशंटना मऊ नळी दिवसातून काही वेळा स्वतः घालायला शिकवतात. अमेरिकेतल्या जॅक लॅपिडीस यांनी 1972 मध्ये या पद्धतीवर लिहिलं आणि ती जगभर गेली. फरक एवढाच की नळी मऊ, हात धुतलेले आणि शिकवणारी नर्स समोर.

मार्टिन पुढे 1795 मध्ये मेजर जनरल झाला. गोमतीकाठी त्याने कॉन्स्टँशिया नावाचा महाल बांधायला घेतला. पण मूत्राशयाच्या दुखण्याने त्याला शेवटी पुन्हा गाठलं. त्याने 1 जानेवारी 1800 ला मृत्युपत्र केलं आणि 13 सप्टेंबरला तो गेला. संपत्तीचा मोठा वाटा लिऑं, कोलकाता आणि लखनौमधल्या शाळांसाठी ठेवला होता. कज्जेदलालीत वर्षं गेली. कोलकात्याची शाळा 1836 मध्ये सुरू झाली, लखनौची 1845 मध्ये. लखनौची शाळा भरते ती त्याच्याच महालात, आणि मार्टिनची कबर त्याच इमारतीच्या तळघरात आहे.