डॉक्टर अकासिओ गॅब्रियल व्हिएगस

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आपल्या देवळाचा पाया घालणाऱ्या धर्मगुरूंचें व वाडवडिलांचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करीत आहों, तें योग्यच आहे. परंतु देऊळ बांधणें ही जशी देवाची सेवा, तशीच दुखणाइताच्या उशाशीं बसणें हीहि देवाचीच सेवा होय. मुंबईंतील व साष्टींतील आपल्या गांवठाणांतून जागोजागीं जुने क्रूस दिसतात. त्यांतील कित्येकांच्या चौथऱ्यावर १८९६ नंतरच्या वर्षांपैकीं एखादें साल कोरलेलें असतें. प्लेगच्या दिवसांत आपले पूर्वज अशाच क्रूसांपाशीं गुडघे टेकून देवाची करुणा भाकीत असत. ज्या काळांत हे क्रूस उभे राहिले, त्याच काळांत ह्याच शहरांत एका कॅथोलिक डॉक्टरानें मोठें धैर्याचें काम केलें. तरुण पिढीस त्यांचा विसर पडूं नये, म्हणून त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

डॉक्टर अकासिओ गॅब्रियल व्हिएगस ह्यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजीं गोव्याच्या बारदेस महालांत हडफडें गांवीं झाला. ह्या गांवास पोर्तुगीज अमदानींत आर्पोरा म्हणत. विद्येसाठीं ते मुंबईस आले, सेंट झेवियर्स शाळेंतील शिक्षण १८७४ मध्यें त्यांनीं पुरें केलें, आणि मग ग्रँट मेडिकल कॉलेजांतून डॉक्टरीची परीक्षा मानानें उत्तीर्ण झाले. दवाखाना त्यांनीं घातला तो मांडवींत. १८८८ साली ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद झाले. म्हणजे दिवसा रोग्याची नाडी पाहावयाची आणि सभेंत शहराची, असा त्यांचा दुहेरी व्यवसाय चालू होता.

मांडवी म्हणजे गोदीलगतचा भाग. धान्याच्या वखारी, त्यांवर चढलेल्या उंच चाळी, उजेड व वारा शिरावयास जागा नाहीं, आणि एकेका खोलींत दाटीनें राहणारीं माणसें, अशी तेथील स्थिति होती. १८९६ च्या पावसाळ्यांत ह्या वखारींतून उंदीर मरून पडूं लागले. पाठोपाठ माणसेंहि तापानें फणफणून तीन-चार दिवसांत दगावूं लागलीं. १८ सप्टेंबर रोजीं डॉक्टर व्हिएगस ह्यांस अशाच एका रोग्याकडे बोलावणें आलें. ताप कडक होता आणि जांघेंत गांठ सुजलेली होती. दोन वर्षांपूर्वींच, १८९४ मध्यें, हाँगकाँगांत ह्या रोगानें कहर केला होता व यर्सिन नांवाच्या फ्रेंच संस्थेंतील शास्त्रज्ञानें त्याचा सूक्ष्म जंतु शोधून काढिला होता. डॉक्टरांनीं लक्षणें ताडून पाहिलीं आणि हा गांठीचा प्लेग आहे असा निर्णय केला. लागलीच, २३ सप्टेंबर रोजीं, त्यांनीं कॉर्पोरेशनच्या स्टँडिंग कमिटीपुढें तें उघडपणें सांगितलें.

आज हें आपणांस सोपें वाटेल. परंतु मुंबईचें सारें जीवित बंदरावर अवलंबून होतें. प्लेगचें नांव एकदां बाहेर पडलें कीं परदेशचीं बंदरें मुंबईच्या जहाजांस अटकाव करणार, माल पडून राहणार, हें प्रत्येक व्यापाऱ्यास ठाऊक होतें. आणि ज्या वस्तींत डॉक्टरांचा चरितार्थ चालत होता, ती वस्ती तर व्यापाऱ्यांचीच! साधा ताप म्हणून दाखला लिहून गप्प बसणें त्यांच्या फायद्याचें होतें. पुष्कळांनीं त्यांच्या निदानाविषयीं शंका घेतली. अधिकाऱ्यांनींहि आरंभीं रोगाचें खरें नांव टाळून सौम्य शब्द वापरले. तथापि डॉक्टर मागें हटले नाहींत. पुढें सरकारनें तज्ज्ञांकडून तपास करविला. ऑक्टोबरांत डॉक्टर वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले, त्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्रानें जंतूंची खात्री करून घेतली, आणि मांडवीच्या डॉक्टराचें म्हणणें खरें ठरलें.

रोग ओळखला गेला, पण आवरला मात्र गेला नाहीं. ६ ऑक्टोबर रोजीं म्युनिसिपल कमिशनरांनीं हुकूम काढिला कीं रोग्यास जरूर तर सक्तीनें इस्पितळांत न्यावें व घरें औषधी पाण्यानें धुवून काढावीं. हेतु वाईट नव्हता. परंतु आई मुलापासून आणि पति पत्नीपासून ओढून नेली जाते हें पाहून लोक भयभीत झाले. इस्पितळांत नेलेलें माणूस परत येत नाहीं, अशा कंड्या पिकल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेव्हां सक्ती सैल करणें भाग पडलें. लोक रोगी लपवूं लागले, आणि ज्यांस शक्य होतें ते पळूं लागले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारें सव्वाआठ लाख वस्तीच्या ह्या शहरांतून जवळजवळ निम्मे लोक निघून गेले होते. त्यांच्या बोचक्यांबरोबर प्लेगहि कोंकणांत व देशावर गेला. त्याच महिन्यांत सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला. पुढें पुण्यास घरझडतीच्या जुलमानें लोक इतके चिडले कीं २२ जून १८९७ रोजीं प्लेगचे अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडण्यांत आली. माणसाचा विश्वास गमावल्यावर चांगला उपायहि पांगळा होतो, हें त्या वर्षानें सर्वांस शिकविलें.

शिवाय रोग पसरतो कसा, हें तेव्हां कोणासच उमगलें नव्हतें. गटारें धुतलीं, भिंतींस चुना दिला, तरी मूळ शत्रु निसटत होता. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसू उडून माणसास चावते व विष रक्तांत सोडते, हें पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ मध्यें कराचीस प्रयोगानें दाखविलें. त्यावरहि विद्वानांचा विश्वास बसावयास कित्येक वर्षें लागलीं. पण घाण, अंधार आणि दाटी ह्यांशीं ह्या रोगाचें नातें आहे, हें डॉक्टर व्हिएगस मांडवीच्या चाळींतून फिरून जाणून होते. गलिच्छ वस्त्या साफ कराव्या व उंदरांचा नायनाट करावा, ह्यासाठीं त्यांनीं हट्ट धरिला.

दुसरा आधार लशीचा होता. हाफकिन ह्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांत राजीखुशीनें पुढें आलेल्या कैद्यांस टोचून तिची परीक्षा झाली. लशीविषयींहि लोकांत नाना शंका होत्या. तेथें शिपायाच्या दंडुक्याचा उपयोग नव्हता. तेथें हवा होता ओळखीचा माणूस, ज्याचा शब्द लोक मानतील. डॉक्टर व्हिएगस असेच होते. सुमारें १८,००० लोकांस त्यांनीं स्वतः लस टोचली असें सांगतात. रोग्यांना तपासतांना त्यांनीं आपल्या जिवाची पर्वा केली नाहीं. त्याच सांथींत पुण्यास आजारी मुलाची शुश्रूषा करितांना सावित्रीबाई फुले ह्यांनीं १० मार्च १८९७ रोजीं देह ठेविला, हें आठवलें म्हणजे अशा सेवेंत केवढा धोका होता तें कळतें.

पुढें ह्याच कॉर्पोरेशननें डॉक्टरांस आपल्या अध्यक्षपदीं बसविलें. तो मान मिळविणारे ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती होत. १९३३ मध्यें ते परलोकवासी झाले. धोबीतलावास मेट्रो चित्रगृहाजवळ त्यांचा पुतळा आहे. रोज हजारों लोक त्याच्या समोरून जातात, पण हा कोण, असें विचारणारे थोडेच.

प्लेगनें हिंदुस्थानांत पुढील वर्षांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. डॉक्टर व्हिएगस त्यास थांबवूं शकले नाहींत; तें एका माणसाच्या हातचें नव्हतें. पण पांच दिवसांच्या आंत त्यांनीं खरें तें सांगितलें, आणि मग तें सांगून घरीं न बसतां रोग्यांच्या दारीं गेले. शेजाऱ्यावर प्रीति करा ही प्रभूची आज्ञा आपण दर रविवारीं देवळांत ऐकतों. ती कधीं भाकरी देऊन पाळावी लागते, कधीं औषध देऊन, आणि कधीं कोणासहि नको असलेलें सत्य वेळेवर सांगून. आपल्याहि काळांत, २०२० सालीं, सांथीनें आपलीं देवळें बंद पाडिलीं, तेव्हां ह्या गोष्टीचा आपण अनुभव घेतला आहे.

तेव्हां वाचकहो, पुढच्या वेळीं एखाद्या जुन्या प्लेग-क्रूसापाशीं मेणबत्ती लावाल, तेव्हां त्या सांथींत गेलेल्या सर्व आत्म्यांसाठीं, आणि मांडवीच्या ह्या डॉक्टरासाठींहि, एक नमो मारिया अवश्य म्हणा.