सिंगर गाडी ते हेमलकसा

बाबा आमटे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खादीची बंडी, अर्धी चड्डी, आनंदवन आणि शाळेच्या पुस्तकातला एक धडा. पण मी पडले मेकॅनिकलची विद्यार्थिनी! त्यामुळे त्यांच्या चरित्रात मला सगळ्यात आधी दिसली ती त्यांची गाडी. होय, तरुणपणी बाबांकडे सिंगर कंपनीची स्पोर्ट्‌स कार होती आणि तिच्या सीटला चक्क बिबट्याचं कातडं लावलेलं होतं. (ही सिंगर म्हणजे शिलाई मशीनवाली नव्हे, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची मोटार कंपनी.) मी मूळची भामरागडची. आमच्या भागात बाबांचं नाव घराघरात आहे. पण ही गाडीची गोष्ट मला कॉलेजला आल्यावर कळली.

आता जुन्या गाडीबद्दल थोडं सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या पेट्रोल जीपला आम्ही बाहेरून आणलेले गेज बसवले. ऑइल प्रेशर, पाण्याचं टेंपरेचर आणि व्होल्टमीटर. तुम्ही म्हणाल, ऑइलचा लाल दिवा असताना गेज कशाला? तर त्या दिव्याचा स्विच साधारण ५ ते ७ पीएसआयच्या खाली प्रेशर गेल्यावरच लागतो. म्हणजे दिवा पेटेपर्यंत बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं. गरम इंजिनला दर हजार आरपीएममागे १० पीएसआय हवं, असा जुन्या मेकॅनिक लोकांचा ढोबळ हिशोब. ते बघायला काटाच लागतो. ब्लॉकवरच्या स्विचच्या जागी टी लावायचा, एका बाजूला जुना स्विच, दुसरीकडून बारीक तांब्याची नळी डॅशबोर्डपर्यंत. नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवायची आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालायचं, कारण तिच्यात गरम ऑइल असतं. टेंपरेचरच्या सेंडरला आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळला तर अर्थ मिळत नाही आणि काटा खोटं बोलतो. थोडक्यात काय, गेज गाडी चालवत नाही. आत काय चाललंय ते वेळेवर सांगतो, बस्स.

आता बाबांकडे वळू. मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ ला हिंगणघाटचा. वरोऱ्याजवळच्या गोरजा गावची जमीनदारी, घरात पैसा. बाबा हे कुठल्या साधूसारखं मिळालेलं नाव नाही, घरचं लाडाचं नाव आहे. शिकारीचा शौक, जंगलात भटकणं, शिवाय सिनेमाचं वेड. हा मुलगा इंग्रजी मासिकाला सिनेमाची परीक्षणं लिहून पाठवायचा आणि हॉलिवूडच्या नट्यांशी त्याचा पत्रव्यवहार होता. आजच्या भाषेत एकदम हायफाय! पुढे वकील झाले, वरोऱ्याला प्रॅक्टिस चांगली चालली. पण मन लागेना. सेवाग्रामला गांधीजींकडे जाणं-येणं सुरू झालं, १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास घडला. एकदा रेल्वेत गोरे सोल्जर एका बाईची छेड काढत होते, तेव्हा बाबा एकटे त्यांना भिडले. गांधीजींच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी नाव दिलं अभय साधक. म्हणजे ज्याला भीती माहीत नाही असा माणूस.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते.

बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे हाल समजून घ्यायचे म्हणून त्यांनी स्वतः काही महिने डोक्यावरून मैला वाहिला. वकील माणूस! अशाच एका पावसाळी संध्याकाळी गटाराच्या कडेला त्यांना काहीतरी पडलेलं दिसलं. जवळ जाऊन बघतात तर तो माणूस होता. तुळशीराम त्याचं नाव. महारोगाने हातापायाची बोटं गेलेली, अंगावर किडे. बाबा घाबरले आणि सरळ पळाले. शिकार करणारे, सोल्जरांशी लढणारे अभय साधक पळाले!

पण मग घरी त्यांना चैन पडेना. गांधीजींनी दिलेलं नाव खोटं ठरलं होतं. ते परत गेले, तुळशीरामवर आडोसा उभा केला, त्याला खाऊ-पिऊ घातलं. तो काही वाचला नाही. मला वाटतं, त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या आतला काटा वाचला. आपण किती धीट आहोत ते त्यांना आकड्यासारखं स्पष्ट दिसलं आणि त्यांनी तोंड फिरवलं नाही. आपण काय करतो? गाडीत आवाज यायला लागला की टेपचा आवाज वाढवतो!

महारोगाबद्दल बऱ्याच जणांना, अगदी आपल्या हॉस्टेलवरही, एक गैरसमज आहे की बोटं आपोआप झडतात. तसं नाही. १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेन या डॉक्टरने या रोगाचा जंतू शोधला. हा जंतू हात, पाय, चेहरा अशा थंड भागांतल्या नसा मारतो. मग तिथलं दुखणंच बंद होतं. गरम भांडं हातात धरलं तरी कळत नाही, पायात काटा घुसला तरी माणूस चालत राहतो. जखम चिघळते, आणि मग बोटं जातात. म्हणजे इंजिन बिघडलेलं नाही, गेज बंद पडलाय! त्यामुळे गाडी गरम होऊन जळते तरी ड्रायव्हरला पत्ता नाही.

वेल्लोरला काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत तर इंजिनिअर लोकांना घेऊन असा गेज खरोखरच बनवायचा प्रयत्न केला. पेशंटच्या हातमोज्यात सेन्सर बसवले, जोर जास्त पडला की सिग्नल. पण पेशंट त्या सिग्नलकडे दुर्लक्ष करायचे, हवं तेव्हा बंदही करायचे. प्रोजेक्ट सोडून द्यावा लागला. आपण इंजिनिअर झालो तरी ही गोष्ट विसरता कामा नये.

बाबांची पद्धत वेगळी होती. १९४६ मध्ये त्यांचं इंदू घुले यांच्याशी लग्न झालं, त्याच आपल्या साधनाताई. बाबांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये महारोगाचा कोर्स केला. तिथे लस शोधण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले. मग वरोऱ्याजवळ सरकारने दिलेल्या खडकाळ जमिनीवर सहा रोगी, दोन लहान मुलं, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये घेऊन हे दोघं राहायला गेले. हेच आनंदवन. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. ज्यांना लोक दारात उभं करत नव्हते, त्यांनीच विहिरी खणल्या, शेती केली, घरं बांधली. ज्या हातांना दुखणं कळत नाही त्यांची काळजी शेजारचा माणूस घेऊ लागला.

आता आमच्या भामरागडकडे येते. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम आमच्याकडे आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला, तोवर हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. बाबा आधी एकदा मुलांना घेऊन इथे आले होते. माडिया लोकांची परिस्थिती बघून त्यांनी तिथे काम करायचं ठरवलं आणि डॉक्टर होत असलेल्या प्रकाशभाऊंनी ते काम आपण करू म्हणून सांगितलं. २३ डिसेंबर १९७३ ला भामरागडजवळ हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. ना वीज, ना धड रस्ता, पावसाळ्यात नद्या भरल्या की महिनोन्‌महिने जगाशी संबंध तुटलेला. प्रकाशभाऊ आणि मंदाताई आधी माडिया भाषा शिकले, मग कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं आणि ऑपरेशनं केली. बाकीचा देश तेव्हा या लोकांबाबत बधिरच होता. आपल्याच शरीराचा एक भाग दुखतोय याचा पत्ताच नाही. बाबांना तो पत्ता लागला, हे मला त्यांच्या चरित्रातलं सगळ्यात मोठं वाटतं.

तोपर्यंत बाबांच्या पाठीच्या कण्याने दगा दिला होता. त्यांना बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. बिबट्याच्या कातड्याच्या सीटवर बसून सिंगर पळवणारा माणूस गाडीत बसू शकत नव्हता! तरी डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या एकाहत्तरीत, कन्याकुमारी ते काश्मीर ही भारत जोडो यात्रा त्यांनी काढली. पाच हजार किलोमीटर. तरुण मुलंमुली सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे. १९९० ला तर आनंदवनही सोडलं आणि नर्मदेच्या काठी, बुडणाऱ्या गावांमध्ये जाऊन राहिले. ९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात त्यांचं निधन झालं आणि तिथेच त्यांचं दफन झालं. त्याच वर्षी प्रकाशभाऊ आणि मंदाताईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबांना तो १९८५ मध्ये मिळाला होता.

मित्रांनो, आपण सगळे उद्या नोकरीला लागू, गाड्या घेऊ, हौसेने त्यात गेज पण बसवू. त्यात काही वाईट नाही, बाबांनाही गाडीची हौस होतीच. फक्त काटा लाल पट्टीत गेला की गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचं असतं. बाबांनी ते एका पावसाळी संध्याकाळी केलं आणि मग आयुष्यभर करत राहिले. त्यामुळेच आमच्या भामरागडच्या जंगलात दवाखाना आला, शाळा आली.