पुरेशी चांगली आई

बाळ रडायचे थांबत नाही, रात्रीची झोप होत नाही आणि आपण आई म्हणून कमी पडतो, ही बोच मनातून जात नाही. नव्या आईच्या मनावरचे हे ओझे ओळखणाऱ्या डॉक्टरांपैकी एक म्हणजे डोनाल्ड विनिकॉट.

१८९६ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथे जन्मलेल्या विनिकॉट यांनी आईची उदासी लहानपणीच पाहिली होती. पुढे ते बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक झाले. १९२३ पासून सुमारे चाळीस वर्षे त्यांनी लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात काम केले. हजारो माता आणि बालके तपासताना त्यांना दिसले, की तान्ह्या बाळाचा विचार आईला वगळून करताच येत नाही.

त्यांच्या मते, सुरुवातीच्या आठवड्यांत आई बाळाशी जवळजवळ एकरूप होते. पुढे हळूहळू तिला थोडा उशीर होतो, एखादी खूण कळत नाही. बाळाला सोसेल इतपतच हे घडले, तर त्यातून ते वाट पाहायला आणि आपल्याबाहेरचे जग ओळखायला शिकते. म्हणून बाळाला परिपूर्ण आई लागत नाही. पुरेशी चांगली आई पुरते. मात्र दीर्घ दुरावा किंवा दुर्लक्ष बाळाला सोसवत नाही, हेही त्यांनी बजावले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी बीबीसीवरून मातांसाठी भाषणे सुरू केली. सूचनांची यादी देण्यापेक्षा आईचा स्वतःवरचा विश्वास जपण्यावर त्यांचा भर असे. प्रेम करणाऱ्या आईलाही बाळाचा संताप येऊ शकतो, हे त्यांनी १९४९ मध्ये एका निबंधात उघडपणे मांडले. तो राग मनात ओळखावा, बाळावर काढू नये, हे त्याचे सार.

विनिकॉट यांच्या मांडणीत बाळाचा सारा भार आईवरच पडतो, अशी टीका पुढे झाली. पण आईला सांभाळणारे कुणी असेल तरच ती बाळाला सांभाळू शकते, हेही त्यांनीच सांगितले होते. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर एक दिवसही थांबू नये. घरच्यांनी आईला दोष देण्याऐवजी रात्रीचे एखादे जागरण स्वतःकडे घ्यावे.